नाश्त्याला सोबत

आता आमच्याकडे पाहुणे नाश्ता करत असताना त्यांच्याशी कोणी बोलत नाही, आणि तेव्हापासून सगळ्यांची तब्येत सुधारली आहे. माझ्या नवऱ्याची साखर खाली आली, घावणे उरायचे बंद झाले आणि पाहुणे चपला पायात घालून जिना उतरू लागले. आधी त्या हातात घेऊन उतरायचे. का, ते सांगते.

आम्ही मुलुंडला राहतो, पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट आहेत. एकात आम्ही, दुसऱ्यात पूर्वी सासू-सासरे असायचे. ते दोघं गेल्यावर तो फ्लॅट बरेच दिवस कुलूप लावून पडला होता. भाडेकरू ठेवायचा नव्हता, कारण मुलगी बंगळुरूहून आली की तिला तिची खोली लागते. मग मी तिथे रीतसर परवानगी काढून ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ सुरू केलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाक मुरडलं.

“म्हणजे लॉजच ना हो?”

“लॉज नाही. घर आहे. माणसं तेवढी बदलत राहतील.”

“आणि कोण कुठला येईल त्याचं काय?”

“तुमच्या मुलाच्या लग्नात तुमचे साडू आले होते, ते कुठले होते ते मी विचारलं होतं का?”

साडूंनी त्या लग्नात काय गोंधळ घातला होता ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं, त्यामुळे पुढे चर्चा झाली नाही.

मी त्याआधी वीसेक वर्षं एका नर्सिंग होमच्या काउंटरवर काम केलं होतं. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडली. समोरच्याला हवं तेवढं सांगायचं, नीट सांगायचं आणि बाजूला व्हायचं. पाहुण्यांच्या बाबतीतही माझं तेच. ही चावी, हे गीझरचं बटण, गरम पाण्याला जरा थांबावं लागतं, हा वायफायचा पासवर्ड, नाश्ता आमच्याकडे, समोरच्या दारात. झालं. कुठून आलात, कोण कोण असतं घरी, मुलांची लग्नं झाली का, हे मी विचारत नाही. ज्याला सांगायचं असतं तो न विचारताही सांगतो.

नवऱ्याचं तसं नव्हतं. त्याच्या डोक्यात त्याचे बाबा होते. माझे सासरे मालवणकडचे, परळच्या गिरणीत कामाला आलेले. एका खोलीत संसार, आणि गावाहून सतत कोणी ना कोणी टपकलेलं. आलेल्या माणसाला एकट्याला जेवायला बसवायचं नाही, हा सासऱ्यांचा कायदा होता. पाळी संपवून, जेवून आडवे झालेले असले आणि दारात गाववाला उभा राहिला, तर ते पुन्हा उठून ताट घेऊन बसायचे. दोन घास खायचे, पण सोबत करायचे. नवऱ्याला लहानपणीच तंबी दिलेली, “पावण्याक एकट्याक जेवूक बसवू नको हां.” या माणसाने बाकी बाबांचं काही ऐकलं नसेल, हे मात्र पक्कं ऐकलं.

आता मधली गोष्ट सांगायला हवी. नवरा एका कारखान्यात डिस्पॅचला होता. माल नीट बांधला गेला का, ट्रकमध्ये नीट चढला का, वेळेवर सुटला का, हे त्याचं आयुष्य. मालकांनी कारखाना गुजरातला हलवला आणि याला चार पैसे देऊन घरी पाठवलं. त्यानंतर तो सोफ्यावर बसला. म्हणजे अक्षरशः बसला. टीव्ही लावून बसला असता तरी मी समजले असते, पण टीव्ही बंद असायचा.

“काय करतोयस?”

“काही नाही. बसलोय.”

कित्येक महिने हे एवढंच संभाषण. सोफ्याला त्याच्या आकाराचा खड्डा पडला. मी कामावरून आले की आधी त्या खड्ड्याकडे बघायची. नवरा त्यात नसता तर हायसं वाटलं असतं, पण तो असायचाच.

नोकरी सोडून मी हा पाहुण्यांचा उद्योग मांडला, त्याला हेही एक कारण होतं. दिवसभर घरात कोणीतरी डोळे उघडे ठेवून असायला हवं होतं.

पहिले पाहुणे कोल्हापूरचे, एक वयस्कर जोडपं, भाचीच्या लग्नाला आलेले. मी घावणे काढत होते. घावणे तव्यावरून थेट ताटात जायला हवेत, त्यामुळे मला ओट्यापासून हलता येत नव्हतं. तेवढ्यात बेडरूमचं दार उघडलं आणि नवरा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. किती दिवसांनी त्याच्या अंगावर बटणांचा शर्ट बघितला मी. त्याने स्वतःचं ताट घेतलं, टेबलाशी बसला आणि म्हणाला, “घ्या ना, अजून एक घ्या. आमच्याकडे पातळ असतात, दोन खाल्ले तरी एकच होतो.” पाहुणे हसले. मी गॅस बारीक केला आणि ऐकत उभी राहिले. तो बोलत होता. पाणीटंचाई, डोंगर, पूर्वीचं मुलुंड, काय काय.

ते लोक गेल्यावर मी बहिणीला फोन लावला. “बोलायला लागला गं. शर्ट घातला, बसला, हसला. सुटले मी!” नवरा तेव्हा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होता. सोफा मी त्याच आठवड्यात नव्याने भरून घेतला.

पुढे तो रोज बसू लागला. पाहुण्यांच्या वेळा वेगवेगळ्या, त्यामुळे प्रत्येकाबरोबर त्याचा थोडा थोडा नाश्ता. गोष्टी मोजक्याच होत्या. त्यातली मुख्य बिबट्याची. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर एका पहाटे बिबट्या आला होता, हे खरं आहे. वॉचमनने पाहिला. गलका झाल्यावर नवरा गॅलरीत धावला, तेव्हा त्याला दिसलं ते भिंतीपलीकडे जाणारं शेपूट. कोल्हापूरच्या जोडप्याला त्याने शेपूटच सांगितलं होतं. गणपतीपर्यंत बिबट्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. थंडीत तो गुरगुरला. मी आत चटणी वाटताना ऐकायची आणि मनात म्हणायची, गुरगुरू दे, पण हा सोफ्यावरून उठलाय ना.

मग नाश्ता उरायला लागला. आधी वाटलं, लोकांना लवकर निघायचं असेल. प्रत्येकाला तसं असायचंच. “काकू, आज नको, मीटिंग आहे.” “आज उपास आहे.” एका तरुण मुलाने तर सलग तिन्ही दिवस उपास केला आणि त्याच्या खोलीतल्या कचऱ्यात सामोशाचे कागद निघाले. एका सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला दारापाशी गेले आणि सहज दाराच्या भिंगातून पाहिलं. समोरच्या फ्लॅटमधून आमच्या नेहमीच्या नाशिकच्या बाई बाहेर पडत होत्या. त्यांनी कडी अलगद लावली, चपला उचलल्या आणि त्या हातात घेऊन अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने जिना उतरल्या. लिफ्टचं दार वाजतं म्हणून लिफ्टही नाही.

या बाई नाशिकला कॉलेजात शिकवायच्या. पीएच.डी.च्या कामासाठी दर महिन्याला पवईला यायच्या आणि दोन दिवस आमच्याकडे राहायच्या. शांत, नीटनेटक्या, बेडवरची चादरसुद्धा घडी घालून ठेवणाऱ्या. मला ताई म्हणायच्या आणि नवऱ्याला काका. त्याचे केस पांढरे आहेत, माझे रंगवलेले.

मी पिशवी घेतली आणि कोथिंबिरीच्या निमित्ताने खाली गेले. गल्लीच्या तोंडाशी वडापावची गाडी लागते. तिथे बाई भिंतीला टेकून वडापाव खात होत्या. समोर कोणी नाही, हातात फोन नाही. चेहरा असा निवांत की मला क्षणभर मागे फिरावंसं वाटलं. पण त्यांनी मला पाहिलं आणि पकडल्यासारख्या ताठ झाल्या.

“ताई! ते... मला जरा लवकर निघायचं होतं.”

“मागे दोन रिक्षा रिकाम्या उभ्या आहेत.”

त्यांनी मागे पाहिलं. मग हसू आवरेना त्यांना. “खरं सांगू? रागावणार नाही ना?”

“मी वीस वर्षं काउंटरवर शिव्या खाल्ल्यात. बोला.”

“काका फार चांगले आहेत हो. तीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर मी तोंडावर सांगितलं असतं.” त्यांनी पाव कागदात गुंडाळला. “घरी मी पोळ्या लाटता लाटता उभ्याने खाते. कॉलेजात डबा उघडला की कोणीतरी येऊन समोर बसतं. महिन्यातून या दोनच सकाळी मला कोणी हाक मारत नाही. मला नुसतं ताटाकडे बघत खायचं असतं. आणि काका समोर बसले की मला हसावं लागतं, अय्या म्हणावं लागतं...”

“बिबट्या?”

“मागच्या महिन्यात तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, ताई.”

आम्ही दोघी हसलो. वडापाववालाही हसला, काही कळलं नसताना.

“पवईतच एक हॉस्टेल बघितलंय,” त्या जरा अवघडून म्हणाल्या. “पुढच्या महिन्यापासून तिकडे जाईन म्हणते. तिथे नाश्ता नाही, मशीनमधली कॉफी आहे. पण मशीन बोलत नाही.”

एक पाहुणी गेली तर दुसरी येईल, त्याचं मला काही वाटलं नाही. मी कोथिंबीर न घेताच वर आले ते वेगळ्या काळजीने. लोक तुझ्या गप्पा चुकवायला चपला हातात घेऊन पळतात, हे मी त्याला कसं सांगणार होते? सांगितलं आणि तो पुन्हा सोफ्यावर जाऊन बसला तर? नव्याने भरलेल्या सोफ्याला खड्डा पडायला किती वेळ लागणार? माझ्या दृष्टीने प्रश्न तेवढाच होता, पण तो मोठा होता.

म्हणून आधी आडमार्गाने प्रयत्न केले. पाहुण्यांच्या वेळेला त्याला दूध आणायला पाठवलं.

“पाहुणे ताटावर बसलेत आणि मी दूध आणायला जाऊ? काय बोलतेस तू!”

“दूध संपलंय.”

“शेजारून घे वाटीभर.”

मग पाण्याच्या टाकीचं सांगून पाहिलं, इलेक्ट्रिशियनचं सांगून पाहिलं. पठ्ठ्या सगळी कामं नाश्त्याआधी उरकून, हात धुऊन, शर्ट बदलून टेबलाशी हजर. तेवढ्यात त्याची वार्षिक तपासणी झाली आणि साखर चांगलीच वर गेलेली निघाली. मला देवच पावला.

“डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? नाश्ता एकदाच. पाहुण्यांबरोबर बसायचं बंद.”

तो विचारात पडला. “मग मी नुसता बिनसाखरेचा चहा घेऊन बसतो.”

आता सरळ सांगण्याशिवाय काही उरलं नव्हतं. एका दुपारी दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. आम्ही टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होतो. मेथी निवडताना माणूस समोरच्याकडे बघत नाही, त्यामुळे अवघड बोलायला ते काम बरं.

“एक सांगायचंय. मनाला लावून घेऊ नकोस.”

“बोल.”

“पाहुण्यांना सकाळी एकटं खायला आवडतं. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. त्या नाशिकच्या बाई नाश्ता टाळून खाली वडापाव खातात.”

तो मेथीची एक काडी घेऊन तिचं एकेक पान खुडत राहिला. माझी नजर आपोआप सोफ्याकडे गेली.

“म्हणजे मी बसायला नको?” त्याने विचारलं.

“नको.”

“रोजच?”

“रोजच.”

त्याने काडी खाली ठेवली, खुर्चीला मागे टेकला आणि असा लांब श्वास सोडला की कुकरची शिटी काढल्यासारखं वाटलं. “हुश्श! वाचलो गं बाई.”

“काय?”

“अगं, मला वाटत होतं तुला ते हवंय.”

“मला? मला कशाला हवं असेल?”

“तूच बहिणीला सांगत होतीस फोनवर. बोलायला लागला, सुटले मी. मी गॅलरीत होतो, बहिरा नव्हतो. म्हटलं, मी बोललो की हिला बरं वाटतंय, तर बोलू. त्यात बाबांचं ते पाहुण्याला सोबत करायचं डोक्यात. पण मला कधी जमलंय का गं अनोळखी माणसांशी बोलायला? मी आयुष्यभर खोक्यांशी बोललोय. झोपताना टेन्शन यायचं, उद्या काय सांगायचं या लोकांना? पेपर वाचायचो तो विषय शोधायला. वाट लागली होती माझी.”

“आणि तो बिबट्या?”

“तेच तेच सांगून मलाच कंटाळा येत होता. म्हणून जरा जरा वाढवत गेलो.”

“दोन पायांवर उभा केलास त्याला!”

“त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं.”

मी हातातली मेथीची जुडी त्याच्या अंगावर फेकली. “म्हणजे इतके दिवस तू माझ्यासाठी दोन-दोनदा नाश्ता करत होतास?”

“कधी कधी तीनदा. खोल्या फुल्ल असल्या की.”

मला हसावं की डोक्याला हात लावावा कळेना. मी त्याच्यासाठी गप्प होते, तो माझ्यासाठी बोलत होता, आणि पाहुणे आम्हा दोघांसाठी हसत होते. सगळे एकमेकांवर उपकार करत होते आणि सुखात कोणीच नव्हतं. इतकं हलकं वाटलं मला त्या दुपारी. मेथी तशीच राहिली, आम्ही चहा केला. त्याचा बिनसाखरेचा.

“मग बाबांच्या नियमाचं काय करायचं?” चहा पिता पिता तो म्हणाला. थट्टेत नव्हे, खरंच विचारत होता.

“बाबांकडे यायचे ते आपलेच लोक,” मी म्हटलं. “रात्रभर एसटीने आलेले, शहरात कोणी ओळखीचं नाही, बुजलेले. त्यांना सोबत लागायची. या लोकांच्या मागे दिवसभर माणसंच माणसं असतात. यांना सोबत नको असते, सुटका हवी असते. ती दे.”

ते त्याला पटलं. माणूस मुळात व्यवस्थेचा. दुसऱ्याच दिवशी त्याने समोरच्या फ्लॅटच्या गॅलरीत बाबांचं जुनं घडीचं टेबल लावलं. तिथून डोंगर दिसतो. घावण्यांसाठी मोठा कॅसरोल काढला, चहासाठी थर्मास, चटणीच्या वाटीला झाकण. सगळं ट्रेमध्ये असं बसवायचं की जिन्यावरून धावत नेलं तरी हलू नये. तो ट्रे उचलतो, पलीकडे नेऊन टेबलावर ठेवतो, म्हणतो, “नाश्ता ठेवलाय. काही लागलं तर बेल मारा,” आणि परत येतो. दार लोटून मला सांगतो, “डिस्पॅच झाला.” शर्ट साधाच असतो, घरातला.

ज्यांना बोलायचं असतं ते येतातच. अमरावतीचे एक निवृत्त गृहस्थ आपला कप घेऊन आमच्याकडे आले आणि ट्रकच्या चेसिसवर नवऱ्याशी इतके बोलले की मला दोघांना उठवावं लागलं. पण ते स्वतःहून आले होते, आणि नवऱ्याने त्या विषयाची तयारी केलेली नव्हती. हा फरक दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होता.

नाशिकच्या बाईंना मी फोन केला.

“हॉस्टेल पक्कं केलंत का?”

“नाही अजून. का हो ताई?”

“मग या इकडेच. नाश्ता तुमच्या गॅलरीत येईल. नाश्त्याबरोबर माणूस येणार नाही.”

“काका दुखावले असतील ना? मला उगाच...”

“काका सुटले. तुम्ही या.”

त्या आल्या. पहिल्या सकाळी नवऱ्याने ट्रे नेऊन ठेवला, ठरलेलं वाक्य म्हटलं, परत आला. मी कान देऊन होते. पलीकडे शांत. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग तोही नाही. मला नुसत्या त्या शांततेनेच बरं वाटलं. बऱ्याच वेळाने बेल वाजली आणि नवरा दचकला.

“मीठ कमी पडलं का? तू जा ना.”

“बेल मारायला तूच सांगितलं होतंस. तूच जा.”

तो गेला. दार उघडं होतं, त्यामुळे मला ऐकू आलं.

“काका, घावणे मस्त झाले होते. सगळे संपवले.” मग जरा थांबून, “एक विचारू का? त्या बिबट्याचं खरं काय झालं होतं?”

मला वाटलं, आता हा पुन्हा सुरू होणार.

“खरं म्हणाल तर मी शेपूट पाहिलं,” तो म्हणाला. “बाकीचा मी लावला.”

त्या खळखळून हसल्या. तो रिकामा ट्रे घेऊन परत आला, ओट्यावर ठेवला, आणि सोफ्यावर जाऊन पाय वर घेऊन बसला. पेपर उघडला. आता त्यात विषय शोधायचा नव्हता, त्यामुळे आधी शेवटचं पान, क्रिकेटचं. जिन्यात बाईंच्या चपलांचा आवाज आला, चटचट, मोकळा, खाली जाणारा. त्यांनी जाताना आमच्या उघड्या दारातून हात केला, नवऱ्याने पेपरवरून मान वर न करता हात केला.

तो सोफ्यावर बसला होता, आणि मी खुशाल आत जाऊन तवा घासायला घेतला.